एकटेपणाचा सत्कार

समोसा खाऊन झाल्यावर रणजित सरांनी हात पुसायला जो कागद ओढला, तो देवयानीच्या निकालाचा होता. ऐन वेळी त्यांना अक्कल सुचली आणि त्यांनी हात पँटीला पुसले, हे त्यांचे उपकारच. पण तोवर तेलाची दोन बोटं तक्त्यावर उमटली होती, आणि तीही नेमकी 'उपक्रमानंतरचं एकटेपण' या रकान्यात. डाग हळूहळू पसरत होता. देवयानी त्याच्याकडे बघत बसली.

"कमाल केली मॅडम तुम्ही," दाढेतला बटाटा जिभेने सोडवत सर म्हणाले. "एका शाळेतलं एकटेपण साफ करून टाकलं! आता याचा दणक्यात कार्यक्रम झाला पाहिजे."

रणजित सर हे त्या खासगी नर्सिंग कॉलेजचे संचालक. पूर्वी ते दवाखान्यांना लोखंडी खाटा पुरवायचे. धंदा वाढला तशा नर्सही पुरवू लागले. खाट आणि नर्स यांत त्यांना फारसा फरक वाटत असेल असं त्यांच्या बोलण्यावरून कधी जाणवलं नाही. दोन्ही टिकाऊ हव्यात आणि कुरकुरू नयेत, एवढीच त्यांची अपेक्षा.

देवयानी नाफडे त्यांच्या कॉलेजात मानसिक आरोग्याचा विषय शिकवायची. मूळची अमरावतीची, नोकरीपायी रायपूरला आली आणि इथेच रुळली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं एकटेपण हा तिच्या पीएच.डी.चा विषय. त्यासाठी तिने गुढियारीतली एक शाळा धरली होती. विदर्भातून रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत आलेल्या मराठी मंडळींनी कधीकाळी ती काढली. आता त्या मंडळींची नातवंडं बड्या शाळांत जातात, आणि इथे उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या रोलिंग मिलमधल्या, भनपुरीच्या ट्रकांवरच्या माणसांची मुलं शिकतात. आधी सगळ्या नववी-दहावीला एक प्रश्नपत्रक द्यायचं. 'माझं मन मोकळं करायला कोणी नाही', 'चारचौघांत असूनही मी वेगळा पडतो', अशी वाक्यं, आणि समोर 'नेहमी', 'कधी कधी', 'कधीच नाही' यांपैकी एकावर खूण. ज्यांचं एकटेपण फार दिसेल त्यांना दर शनिवारी एकत्र बसवायचं, बोलतं करायचं, खेळ घ्यायचे. शेवटी तेच पत्रक पुन्हा भरून घ्यायचं.

दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी सगळीकडे 'कधीच नाही' केलं होतं. एकटेपण शिल्लकच नाही! देवयानीला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट तिने स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आईला अमरावतीला फोन केला, आणि आठवडाभर अंगात वारं भरल्यागत वावरली. आपलं कौतुक चाललेलं असलं की शहाण्या माणसाचीही बुद्धी चरायला जाते.

"मानसिक आरोग्य दिनाला शाळेतच मंच टाकू," सर पुढे म्हणाले. "आपल्या वॉर्डाचे नेताजी येतीलच. जे पोट्टे बरे झाले त्यांना वर बोलवायचं. शाल, श्रीफळ, फोटो. बॅनर छापाले टाकला मी."

"सर, मुलांना वर नाही बोलावता येणार," देवयानी म्हणाली. "नाव कोणालाही कळणार नाही असा शब्द दिलाय मी त्यांना. म्हणून तर पत्रकांवर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. कुठला आकडा कोणाचा ते माझ्या कपाटात आहे, कुलपात."

सर हसायला लागले. हसताना समोशाचा एक कण उडून टेबलाच्या काचेवर पडला, तो त्यांनी बोटाने टिपून पुन्हा तोंडात टाकला. "काहून कुलूप सांभाळून राहिल्या मॅडम? अनंतरावांनी सगळी नावं मले केव्हाच व्हॉट्सॲपवर धाडली. फोटोसकट."

अनंतराव शाळेच्या मंडळाचे सचिव. तिने त्यांना एकही नाव कधी सांगितलं नव्हतं.

पत्रकं भरून झाली तरी शनिवार चालूच होते. नावं फुटली कशी ते बघायला त्या शनिवारी ती पहिल्यांदाच प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचली, आणि पहिल्यांदाच मोठ्या फाटकातून आत गेली. एरवी ती मागच्या फाटकाने यायची. तिथे वाचनालयाच्या खोलीला लागून कडुनिंबाची सावली होती, तिच्यात स्कूटर लावता यायची. ती यायची तेव्हा मुलं खोलीत दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसलेली असायची. कशी जमली, कोणी बोलावून आणली, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. संशोधन करणारी बाई! साऱ्या जगाचे संदर्भ पालथे घातले, आणि समोरची मुलं खोलीत आली कशी हे पाहिलं नाही.

राष्ट्रगीत झालं. शाळेचा शिपाई हिरालाल पुढे झाला. त्याने माइक हातात घेतला, टिचकी मारून पाहिली, घसा खाकरला आणि छत्तीसगढीत एकटेपणवाल्या पोरांना वाचनालयात बोलावलं.

"अकेलापन वाले बच्चा मन, लाइब्रेरी में चलव! नर्स मॅडम मन आ गे हें! जल्दी!"

मैदानभर खसखस पिकली. रांगांमधून एकेक मूल खाली मान घालून बाहेर पडू लागलं. कोणी मागून शिट्टी मारली. "अकेला गँग, आगे बढ़ो!" कोणीतरी ओरडलं, आणि एक मास्तर हसू दाबत छडी उगीच हवेत फिरवू लागला. नर्सिंगच्या तिच्याच विद्यार्थिनी, पांढरे एप्रन घातलेल्या, वजनकाटा आणि बीपीचं यंत्र घेऊन वाचनालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. हे वजन-बीपी तिच्या मार्गदर्शक शर्मिष्ठा मॅडमच्या आग्रहावरून सुरू झालेलं. 'नर्सिंगचं संशोधन आहे तर नर्सिंग दिसलं पाहिजे,' असं त्यांचं म्हणणं. देवयानीनेही मान डोलावली होती. आता ते दिसत होतं, चांगलं लांबून दिसत होतं.

तिला राग आला. ती तडक अनंतरावांकडे गेली. रेल्वेतून निवृत्त झालेले अनंतराव पांढरा सदरा घालून झेंड्याच्या खांबाशी प्रसन्नपणे उभे होते.

"काका, हे काय चाललंय? सगळ्या शाळेसमोर?"

"काय झालं बाई?" ते गोंधळले. "तुमच्या नर्स पोरीयच्या वजनाच्या वहीतून नावं उतरून घेतली, दर शनिवारी असंच बोलावतो आपण. पयले मीच बोलावत होतो, मंग हिरालालले देलं काम. त्याचा आवाज मोठा हाये."

"अहो पण ही नावं गुप्त ठेवायची होती!"

"गुप्त काहून? चांगलं काम हाये, लपवाचं काय त्याच्यात?" अनंतरावांना मनापासून आश्चर्य वाटलं होतं. "स्कॉलरशिपवाल्या पोरायले असंच बोलावतो. लसवाल्यायले असंच बोलावतो. माया शाळेतल्या पोरायसाठी कॉलेजच्या बाई येतात, मले त अभिमान हाये. बोर्डावर भी लावली होती नावं, वाऱ्यानं उडाली."

त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. त्यामुळे तिला जास्तच शिसारी आली, आणि ती त्यांची नव्हती, स्वतःची होती. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली पर्समध्ये, पर्स कायम काखेत. आणि इकडे हिरालाल माइकवरून दवंडी पिटतोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पावसाळाभर दर शनिवारी ही मुलं असे धिंडवडे सोसून तिच्यापुढे येऊन बसली होती, आणि ती त्यांना विचारत होती, 'आज कसं वाटतंय?'

त्या दिवशी तिने खेळ घेतला नाही. विद्यार्थिनींना सामान गुंडाळायला लावलं आणि मुलांना सांगितलं, की हे शनिवार आता बंद. मुलांनी एकमेकांकडे न बघता चपला घातल्या. चेतना हेडाऊ तेवढी दरीची घडी घालायला मागे राहिली. ते काम ती नेहमीच करायची.

चेतना नववीतली. तिचा बाप उरल्याच्या मिलमध्ये पाळीवर जायचा, आई घरोघरी जाऊन फॉल-बिडिंगच्या साड्या गोळा करायची. घर भंडाऱ्याकडचं, त्यामुळे मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत. पहिल्या शनिवारी एकटी तीच बोलली होती. म्हणाली होती, घरी कोणी नसतं, शाळेत कोणी विचारत नाही, पण एक इंदू आहे. बेंचवर बाजूला बसते. सगळं नाही सांगता येत तिला, पण बसते.

"चेतना, एक विचारू? खरं सांगशील?" देवयानीने दरीचं दुसरं टोक धरलं. "त्या दुसऱ्या कागदावर सगळीकडे 'कधीच नाही' काहून केलं तू?"

"सच बताऊँगी तो फिर से बिठाओगे?"

"नाही बसवणार. बंद झालं ते."

चेतनाने तिच्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, याचा हिशेब त्या नजरेत चालला होता. "पहली बार सच लिखा था, मॅडम. उसी में तो फँसे."

देवयानीने आपल्याकडचं टोक तिच्या हातात दिलं.

"सब टंकी के पीछे मिले थे," चेतना सांगू लागली. "तय किया कि इस बार सब में 'कभी नहीं' लगाना है. ठीक हो गए दिखेंगे तो छुट्टी मिलेगी."

इतके शनिवार खपून जी मुलं तिला एकत्र आणता आली नव्हती, ती तिच्या तावडीतून सुटायला एकत्र आली होती. "मग आता भेटता का तुम्ही? टाकीमागे?"

"नहीं. कोई देख लेगा तो बोलेगा, वो देखो अकेला गँग." चेतनाने दरीच्या कडा जुळवल्या. "अपन लोग तो आपस में बात भी नहीं करते."

"आणि इंदू?"

चेतनाचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "उसने बेंच बदल लिया. उसकी मम्मी बोली, नर्स लोग आते हैं, बीपी नापते हैं, तो कुछ बीमारी होगी. लग गई तो?"

हे तिने रडत सांगितलं असतं तर देवयानीला सोपं गेलं असतं. पाठीवर हात ठेवता आला असता. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं ते अभ्यासक्रमात आहे. पण चेतना रडत नव्हती. तिचं एक माणूस होतं, ते या बाईने येऊन घालवलं, आणि ती या बाईच्याच दरीची घडी घालत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असंही म्हणायची सोय नव्हती. इथे मारुतीही झाला नव्हता. नुसता चिखल झाला होता.

"मॅडम, वो प्रोग्राम में मेरे को ऊपर मत बुलाना," चेतना म्हणाली. "सबके घर वाले आएँगे. इंदू की मम्मी भी. ऊपर गई तो फिर वो कभी नहीं बैठने देगी. बस इतना कर दो."

"नाही बोलावणार तुले. मी हाये ना." अमरावतीची बोली तिच्या तोंडून आपसूक आली. दुसऱ्यांदा शब्द दिला बाईंनी. पहिल्याचं काय झालं ते समोर उभं होतंच.

सोमवारी तिने रणजित सरांच्या खोलीत सगळं सांगितलं. शर्मिष्ठा मॅडमही होत्या. निकाल खोटा आहे, मुलांनी ठरवून खुणा केल्या, उपक्रमाने एकटेपण कमी केलं नाही, वाढवलं. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला.

"खोटा काहून?" सर म्हणाले. "खुणा पोट्ट्यांच्याच आहेत ना? तुम्ही केल्या काय? मग झालं तर."

"सर, त्यांनी सुटका व्हावी म्हणून..."

"देवयानी, भावनेच्या भरात जाऊ नकोस." शर्मिष्ठा मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. विद्यापीठात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाची त्यांना पुरती जाणीव होती. "प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतातच. मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य टाक. 'उत्तरं स्वतः मुलांनी दिलेली असल्याने त्यांवर सामाजिक दबावाचा परिणाम संभवतो.' झालं. कोणी विचारणार नाही."

"एका मुलीची एकुलती एक मैत्रीण गेली, मॅडम."

"तेही मर्यादांतच येतं," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

देवयानीला वाटलं, आता आपल्याला ओकारी होणार, इथेच, या काचेच्या टेबलावर. झाली नाही. नोकरदार माणसाचं पोट फार सोशिक असतं. तिने एवढंच मागितलं, की निकालाचं पुढे बघू, पण मुलांना मंचावर बोलावू नका. नुसती भाषणं करा, हवे तेवढे हार घाला एकमेकांना.

"नाही बोलावत, तुमच्या गळ्याची शप्पथ," सर म्हणाले. म्हणताना ते मोबाइलवर बॅनरचा नमुना मोठा करून स्वतःचा फोटो तपासत होते.

आठवड्याने कार्यक्रम झाला. मैदानात मांडव घातला होता आणि मंचावर पांढरं कापड अंथरलं होतं. पाहुणे यायला इतका उशीर झाला, की उरल्याकडून येणारी काळी भुकटी त्या कापडावर बसली. हिरालालने ती झाडूने झाडली, तर ती कापडभर फासली गेली. बॅनरवर 'एकाकीपन मुक्त पीढ़ी' असं लिहिलं होतं. खाली रणजित सर, त्याहून मोठे नेताजी, आणि कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घातलेल्या मुलाचं इंटरनेटवरून उचललेलं चित्र. पालक खुर्च्यांवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. चेतना मुलींच्या रांगेत मधोमध बसली होती. पलीकडे पालकांजवळ इंदू आणि तिची आई.

नेताजी आले. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. एकेकाच्या गळ्यात इतके हार पडले, की मंचावर झेंडूचा वास कोंडला. नेताजींनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी एकटेपण वगैरे काही नव्हतं, सगळे एका ताटात जेवायचे. टाळ्या झाल्या. रणजित सरांनी सांगितलं, की त्यांच्या कॉलेजने जे केलं ते देशात कुठे झालं नसेल. टाळ्या झाल्या. शर्मिष्ठा मॅडमनी आकडे सांगितले. ते कोणाला कळले नाहीत, म्हणून जास्त टाळ्या झाल्या. देवयानी मंचाच्या टोकाच्या खुर्चीवर हात आवळून बसली होती. इतका वेळ गेला, आता पडेल पार, असं तिला वाटू लागलं होतं.

मग अनंतराव माइककडे गेले. हातात कागद होता.

"अब मैं उन बच्चों को मंच पर बुला रहा हूँ," ते आनंदाने म्हणाले, "जिन्होंने अकेलेपन की बीमारी पर विजय पाई है."

देवयानीने रणजित सरांकडे पाहिलं. सर फोटोवाल्याला जवळ यायची खूण करत होते.

पहिला मुलगा वर आला. दुसरा आला. शालींच्या घड्या उलगडल्या जाऊ लागल्या. पालकांत कुजबुज सुरू झाली. 'बीमारी' हा शब्द खुर्च्यांवरून पुढे सरकत गेला. "चेतना हेडाऊ, नववीं ब!" अनंतरावांनी पुकारलं. चेतना उठली नाही. आजूबाजूच्या मुलींनी तिला कोपरांनी ढोसलं, हसल्या, कोणीतरी दंड धरून उभं केलं. उभी राहिल्यावर तिने मंचाकडे पाहिलं. पाहुण्यांकडे नाही, सरळ देवयानीकडे.

देवयानी उठली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. खरं सांगायचं म्हणून उठली असती, तर खरं हेच होतं, की ही मुलं एकटी होती आणि आता जास्त एकटी झालीत. ते माइकवरून सांगून त्यांचं काय भलं होणार होतं? अनंतरावांच्या हातून तिने माइक काढून घेतला, तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते धडधडीत खोटं होतं.

"एक गलती हो गई है," ती म्हणाली. "माफ़ कीजिए. ये बच्चे वो नहीं हैं. इनको कोई बीमारी नहीं थी, कोई अकेलापन नहीं था. मेरे काम में मदद करने के लिए मुझे समझदार बच्चे चाहिए थे, जो दूसरों से ठीक से बात कर सकें. वो मैंने इस स्कूल से चुने. ये वही हैं. जिन बच्चों पर काम हुआ, वो दूसरे हैं, और उनके नाम मैं किसी को नहीं बताऊँगी. काम अभी पूरा नहीं हुआ. जो आँकड़े आपने सुने, वो ग़लत हैं."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण आवाज एकदाही फाटला नाही. शर्मिष्ठा मॅडमचा चेहरा पिठासारखा झाला होता. "तुझा प्रबंध आता कसा उभा राहणार, कळतंय का तुला?" त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"नाही राहणार, मॅडम," देवयानी म्हणाली. असं म्हटल्यावर किती दिवसांनी तिला नीट श्वास आला.

रणजित सर मात्र रणजित सर होते. त्यांनी माइक तिच्या हातातून घेतला, तोंडभर हसले आणि म्हणाले, "तो ये हैं हमारे नन्हे मित्र-दूत! ज़ोरदार तालियाँ!" चेतनासकट उरलेल्या मुलांना वर ढकललं गेलं. नेताजींनी हो का म्हणून मान हलवली आणि शाली घालायला घेतल्या. म्हाताऱ्यांच्या सत्काराला आणतात तसल्या त्या शाली. चेतनाची तर तिच्या गुडघ्यांच्या खाली गेली. पण टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत इंदूच्या आईनेही दोन-चार टाळ्या मिसळलेल्या देवयानीने पाहिल्या. ती इंदूच्या कानाशी काहीतरी बोलली. इंदू खुर्चीवरून अर्धी उठून चेतनाकडे बघू लागली. देवयानीला वाटलं, लागलं बहुधा खोटं कामी.

आभार झाले. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. चेतना मंचावरून उतरली. इंदू आईचा हात सोडून दोन पावलं पुढे आली. आणि तेवढ्यात हिरालालने, कोणीही न सांगता, केवळ सवयीने, माइक उचलला.

"अकेलापन वाले बच्चा मन, तुँहर नाश्ता इहाँ हे! अलग रखे हन!"

सगळा मांडव हसला. इतका वेळ भाषणांनी कोंडलेलं हसू होतं ते, मुलं तर मांड्यांवर हात आपटून हसली. 'अकेला गँग, नाश्ता!' दोन-तीन गळे एकदम ओरडले. इंदू थबकली. तिच्या आईने तिचा खांदा धरला आणि तिला वळवलं. दोघी फाटकाकडे चालू लागल्या.

मांडवाच्या कडेला या मुलांसाठी एक वेगळं टेबल होतं. त्याच्यावर खोकी रचलेली. हिरालाल त्यामागे उभा राहून मुलांची वाट बघत होता. त्याच्याकडे एकही मूल गेलं नाही. शाल घेतलेली मुलं मिळेल त्या गर्दीत घुसून नाहीशी होत होती, शाली काढून दप्तरांत कोंबत होती. टेबलाभोवतीची जागा मोकळीच राहिली, आणि सगळे त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. आता तिथे कोण जातं याचीच मजा होती.

देवयानी गेली. मंचावरून उतरून, सगळ्यांच्या देखत, ती त्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"मॅडम, ये तो..." हिरालाल अडखळला. "ये तो अकेलापन वाले मन के हे."

"हव. म्हणून तर आली. द्या."

अनंतराव धावत आले. ते खरोखर कासावीस झाले होते. "बाई, तुमचा नाश्ता ऑफिसात हाये ना पाहुण्यायसोबत! काजूकतली हाये तिकडे! इथं काहून उभ्या राहिल्या?"

"मले इथलाच पाहिजे, काका."

हिरालालने खोकं दिलं. आत एक केळं, सोनपापडीचा चुरा आणि समोसा. समोसा केव्हाचा गार झाला होता आणि त्याचं तेल पुठ्ठ्यात उतरलं होतं. दिवसभराच्या उन्हात बटाटा आंबूस झाला असावा. तिला त्याचा वास आला, आणि रणजित सरांची ती दोन बोटं आठवली. तिला किळस आली. सरांची, मॅडमची, त्या शालींची, आणि सगळ्यात जास्त पेढे वाटणाऱ्या त्या बाईची. तिने समोसा उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्याने खायला लागली. मुलं हसली. एक-दोघांनी शिट्ट्या मारल्या. मग हसणं हळूहळू विरलं. एकटी बाई उभी राहून खातेय, याच्यात फार वेळ हसण्यासारखं काही नसतं.

चेतना शालीची घडी काखेत मारून फाटकाकडे निघाली होती. तिचा रस्ता टेबलावरूनच जात होता. ती थांबली नाही, फक्त जवळून जाताना चाल थोडी हळू केली.

"झूठ अच्छा बोलीं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पर कोई नहीं माना."

देवयानीने मान हलवली. घास तोंडातच होता, आणि तो गिळल्याशिवाय काही बोलता येत नव्हतं. गिळून होईपर्यंत चेतना फाटकाबाहेर पडली होती.